मत कोणाला जातं: पक्षाला, नेत्याला की आपल्या माणसाला?

एप्रिल २०१४ ते एप्रिल २०१५. या एका वर्षात नवी मुंबईकरांनी तीनदा बोटाला शाई लावून घेतली आणि तिन्ही वेळा वेगळा निकाल दिला. लोकसभेला ठाणे मतदारसंघातून शिवसेनेचे राजन विचारे निवडून आले. तेव्हाचे राष्ट्रवादीचे खासदार संजीव नाईक २ लाख ८१ हजार मतांनी पडले. सहा महिन्यांनी विधानसभा आली. बेलापूरमध्ये भाजपच्या मंदा म्हात्रे यांनी संजीव यांचे वडील गणेश नाईक यांना १,४९१ मतांनी हरवलं, आणि त्याच दिवशी लागून असलेल्या ऐरोलीने गणेश नाईकांचे दुसरे पुत्र, राष्ट्रवादीच्याच संदीप नाईकांना पुन्हा आमदार केलं. पुढच्या एप्रिलमध्ये महापालिकेची निवडणूक झाली, तेव्हा १११ पैकी ५२ जागा घेऊन राष्ट्रवादी पहिल्या क्रमांकावर आली. शिवसेनेला ३८ मिळाल्या. केंद्रात आणि राज्यात सत्तेवर असलेल्या भाजपला फक्त ६.

लोकसभेच्या मतदारसंघात ठाणे शहर आणि मीरा-भाईंदरही येतं, त्यामुळे तो निकाल एकट्या नवी मुंबईचा म्हणता येणार नाही. पण ज्या पक्षाने ऑक्टोबरमध्ये बेलापूरची आमदारकी जिंकली, त्याला एप्रिलमध्ये अख्ख्या शहरात मोजून सहा नगरसेवक मिळतात, हे मात्र पूर्णपणे नवी मुंबईचंच आहे.

असे निकाल लागले की लोक पटकन म्हणतात, मतदाराचा काही भरवसा नाही. मला हे म्हणणं पटत नाही. मतदाराच्या हातात प्रत्येक वेळी एकच बटण असतं, पण त्या बटणामागे प्रश्न तीन असतात. देश किंवा राज्य कोणी चालवावं? कोणत्या विचाराचं, कोणत्या गटाचं सरकार यावं? आणि माझ्या गल्लीतलं, माझ्या वस्तीचं काम कोण करेल? तिन्ही प्रश्नांना एकाच बोटाने एकच उत्तर द्यायचं असतं. मग माणूस त्या दिवशी त्याला जो प्रश्न सगळ्यांत मोठा वाटतो, त्याचं उत्तर देतो. २०१४-१५ मध्ये नवी मुंबईकरांनी तेच केलं, आणि माझ्या मते पूर्ण शहाणपणाने केलं.

यंत्रावर काय असतं

आधी ते बटण जवळून बघू. मतदान यंत्राच्या कागदावर अनुक्रमांक असतो, उमेदवाराचं नाव, त्याचा फोटो, चिन्ह, आणि शेजारी निळं बटण. पक्षाचं नाव त्यावर कुठेही छापलेलं नसतं. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री कोण होणार, हेही नसतं. म्हणजे कायद्याच्या नजरेने तुम्ही एका माणसाला मत देता. पक्ष तिथे येतो तो फक्त चिन्हाच्या रूपाने, आणि नेता येतो तो तुमच्या डोक्यात.

चिन्हं आली १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून, कारण बहुतेकांना वाचता येत नव्हतं. फोटो आला थेट २०१५ मध्ये. एकाच नावाचे दोन-तीन उमेदवार उभे करून मतं खायची जुनी युक्ती रोखायला तो आला. या दोन तारखांमध्ये साठेक वर्षं गेली. इतका काळ चेहरा न बघता, चिन्ह बघून मत द्यायची सवय आपल्याला यंत्रणेनेच लावली, आणि ती सवय किती खोल गेली आहे ते २०२४ च्या लोकसभेत साताऱ्यात दिसलं. शरद पवारांच्या पक्षाचं नवं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. एका अपक्षाला मिळालं होतं ट्रम्पेट, आणि त्याचंही मराठी भाषांतर 'तुतारी' असंच होतं. पवारांच्या पक्षाचे उमेदवार सुमारे ३२ हजारांनी पडले आणि त्या अपक्षाला ३७ हजारांच्या आसपास मतं पडली. ती सगळीच चुकून पडली असं सिद्ध करता येणार नाही. पण पुढच्या विधानसभेच्या आधी निवडणूक आयोगाने ते भाषांतर काढलं, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते कळतं.

मग चिन्ह बघून मत देणारा मतदार अडाणी का? आपल्याकडे सुशिक्षित वस्त्यांमध्ये हे फार सहज बोललं जातं. 'लोक चिन्हावर शिक्का मारतात, माणूस बघत नाहीत.' असं बोलणाऱ्यांनी पक्षांतरबंदीचा कायदा एकदा समजून घ्यावा.

१९८५ पर्यंत राज्यघटनेत राजकीय पक्षांना स्थानच नव्हतं. त्या वर्षी ५२ वी घटनादुरुस्ती झाली, दहावं परिशिष्ट आलं आणि पक्ष घटनेत शिरले. नियम साधा आहे. खासदार किंवा आमदार ज्या पक्षाच्या चिन्हावर निवडून आला, त्या पक्षाने सभागृहात व्हिप म्हणजे आदेश काढला की त्याप्रमाणेच मत द्यायचं. न दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. महाराष्ट्रात नगरसेवकांसाठीही असाच वेगळा कायदा आहे. आता विचार करा. तुमचा आमदार फार भला आहे, अभ्यासू आहे, रात्री दोनला फोन उचलतो. पण एखादं विधेयक तुमच्या वस्तीच्या मुळावर येणारं आहे आणि पक्षाने बाजूने मत द्यायला सांगितलं आहे. त्या क्षणी त्याच्या भलेपणाचा उपयोग संपतो. सभागृहात हात वर होतो तो पक्षाचा. हे ओळखून जो मतदार म्हणतो, 'माणूस कोणी का असेना, मी पक्षाला मत देणार,' तो कायद्याच्या चौकटीत बसणारं, अगदी तर्कशुद्ध मत देतो.

फलकाकडे नीट बघा

मतदार काय बघतो याचा सर्वांत खरा अंदाज मला सर्वेक्षणांपेक्षा फलकांवर मिळतो. कारण त्यावर पक्षांचा स्वतःचा पैसा लागलेला असतो.

लोकसभेच्या वेळी वागळे इस्टेटच्या किंवा कोपरखैरण्याच्या नाक्यावर उभं राहा. फलकाचा निम्मा भाग नेत्याच्या चेहऱ्याने व्यापलेला. उमेदवार कडेला, हात जोडून, कमरेपर्यंत. खाली पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चेहऱ्यांची ओळ: विभागप्रमुख, शाखाप्रमुख, माजी नगरसेवक. आता त्याच नाक्यावर महापालिकेच्या निवडणुकीत या. इच्छुकाचा चेहरा मधोमध, मोठा, आणि त्याच्या नावाखाली लोक हाक मारतात ते टोपणनाव: 'दादा', 'शेठ', 'भाऊ', 'ताई'. देशाचे, राज्याचे नेते गोल चौकटीत वरच्या पट्टीत जाऊन बसलेले. विधानसभेचा फलक या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि तिथेच खरी ओढाताण चालते. उमेदवार जुना आणि कामाचा असेल तर नेता आक्रसतो. उमेदवार नवा किंवा आयात केलेला असेल तर नेत्याचा चेहरा त्याला झाकून टाकतो.

या ढोबळ नियमाला अभ्यासाचा आधारही आहे. दिल्लीच्या सीएसडीएस संस्थेचा लोकनीती हा उपक्रम मतदानानंतर लोकांच्या घरी जाऊन विचारतो. २०१९ च्या लोकसभेनंतर त्यांनी विचारलं होतं, मोदी पंतप्रधानपदाचे उमेदवार नसते तर मत बदललं असतं का? भाजपला मत दिलेल्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोक हो म्हणाले. यातला नेत्याचा वाटा मोठा आहेच, पण उरलेले दोन तृतीयांशही तितकेच लक्षात ठेवायला हवेत. ते नेता नसता तरी त्याच चिन्हावर थांबले असते.

पण एक सांगतो, माणूस स्वतःच्या मताचं कारण सांगतो तेव्हा ते पूर्ण खरं असेलच असं नाही. लोक खोटं बोलतात असा याचा अर्थ नव्हे. आधी मन ठरतं आणि कारण मागून जुळवलं जातं. 'विकासासाठी मत दिलं' असं सगळेच म्हणतात. म्हणून अभ्यासक तोंडी उत्तरांच्या जोडीला अशा निवडणुका शोधतात, जिथे एक गोष्ट बदलली आणि बाकी सगळं तसंच राहिलं.

तशी एक निवडणूक महाराष्ट्राने १९९९ च्या सप्टेंबरमध्ये बघितली. विधानसभेची मुदत शिल्लक असताना युती सरकारने ती लोकसभेबरोबर घ्यायचं ठरवलं. कारगिल नुकतंच होऊन गेलं होतं, वाजपेयींच्या नावाची हवा होती, तिचा फायदा राज्यातही होईल असा हिशोब होता. मतदार एकाच केंद्रात गेला आणि दोन मतं देऊन बाहेर आला. लोकसभेत शिवसेना-भाजपने ४८ पैकी २८ जागा जिंकल्या. विधानसभेत त्यांना २८८ पैकी १२५ वरच थांबावं लागलं, आणि विलासराव देशमुखांचं सरकार आलं. म्हणजे एकाच दिवशी, एकाच खोलीत, पाच मिनिटांच्या अंतराने बऱ्याच लोकांनी दोन प्रश्नांची दोन वेगळी उत्तरं दिली.

तरीही सगळे असं करत नाहीत. आयडीएफसी इन्स्टिट्यूट या अभ्याससंस्थेने २०१५ मध्ये देशभरच्या निकालांची आकडेमोड केली. लोकसभा आणि विधानसभा एकत्र झाल्या की दोन्हीकडे एकाच पक्षाला मत पडण्याची शक्यता ७७ टक्के, आणि मध्ये सहा महिन्यांचं अंतर पडलं की ती ६१ टक्क्यांवर येते. एकत्र निवडणुकांची चर्चा नेहमी खर्चाच्या अंगाने होते. मला त्यातला हा सोळा टक्क्यांचा फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. तो स्थानिक प्रश्नाला मिळणाऱ्या श्वासाचा फरक आहे.

एकच माणूस, बदलती चिन्हं

माणूस आणि पक्ष वेगळे करून बघायचे असतील तर माणूस तोच राहून पक्ष बदललेला प्रसंग बघावा. नवी मुंबईला हे उदाहरण घरातच मिळालं.

गणेश नाईक १९९० आणि १९९५ मध्ये शिवसेनेकडून बेलापूरचे आमदार झाले, युती सरकारात मंत्री झाले. ऐरोली तेव्हा वेगळा मतदारसंघ नव्हता, सगळी नवी मुंबई बेलापुरातच होती. १९९९ मध्ये ते राष्ट्रवादीकडून उभे राहिले आणि शिवसेनेच्या सीताराम भोईर यांच्याकडून हरले. माणूस तोच, कामं तीच, ओळखी त्याच, पण धनुष्यबाण दुसऱ्याच्या हातात होता. पाच वर्षांनी, २००४ मध्ये, तेच नाईक घड्याळावर निवडून आले. या मधल्या काळात काय झालं? लोकांनी नाईकांना नव्याने ओळखलं असं काही नाही. त्यांनी घड्याळ ओळखलं. नगरसेवक, मंडळं, सोसायट्यांचे पदाधिकारी, गावठाणातली कुटुंबं असं सगळं जाळं नव्या चिन्हामागे उभं राहायला तेवढा वेळ लागला.

२०१४ च्या त्या १,४९१ मतांकडे या नजरेने बघा. राज्यभर घड्याळाच्या विरोधात वारं असताना, लोकसभेला घरातला उमेदवार पावणेतीन लाखांहून जास्त मतांनी पडलेला असताना, सहा महिन्यांत फरक दीड हजारावर आला. लोकसभेचा फरक ठाणे, मीरा-भाईंदर धरून होता, आणि शिवसेना आणि भाजप त्या विधानसभेला वेगळे लढले होते, मतं फुटली होती, हे धरायलाच हवं. तरी माणसाचं स्वतःचं खातं किती, याचा अंदाज येतो. ते खातं लाट थोपवण्याइतकं मोठं नव्हतं, पण तिला जवळजवळ बरोबरीत आणण्याइतकं होतं.

२०२४ मध्ये तर एकाच घरातले दोघं, एकाच दिवशी, लागून असलेल्या मतदारसंघांत, दोन वेगळ्या चिन्हांवर उभे होते. गणेश नाईक ऐरोलीत कमळावर लढले आणि नव्वद हजारांहून जास्त मतांनी जिंकले. संदीप नाईक बेलापूरमध्ये शरद पवारांच्या पक्षाच्या तुतारीवर लढले आणि मंदा म्हात्रे यांच्याकडून ३७७ मतांनी हरले. नेरुळच्या दोन-तीन मोठ्या सोसायट्यांमध्ये मिळून जेवढे मतदार असतात तेवढाही हा फरक नाही. राज्यात महायुतीने २३० जागा जिंकल्या त्या निवडणुकीत विरोधी चिन्हावरचा माणूस इतका जवळ आला, तो घराण्याच्या आणि जाळ्याच्या जोरावर. आणि शेवटची ३७७ मतं कमी पडली ती कशामुळे, याचं एकच उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

नवी मुंबईत 'माणूस' म्हणजे काय, तेही वस्तीगणिक बदलतं. करावे, दिवाळे, घणसोलीच्या गावठाणांमध्ये गावकी-भावकी अजून चालते. सिडकोने १९७० नंतर जमिनी घेतल्या, त्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड, गरजेपोटी बांधलेली घरं नियमित करणं, हे प्रश्न तिथे घरातले आहेत. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव तिथे कोणत्याही पक्षाच्या वर आहे. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत साताऱ्या-सांगलीकडचं राजकारण ऐकू येतं. गावाकडचा नेता कुठल्या पक्षात गेला, याचा परिणाम इथल्या मतावर होतो. आणि पाम बीचच्या उंच इमारतींमध्ये नगरसेवकाचं नाव विचारलं तर बरेचजण आठवायला लागतात, कारण त्यांचं पाणी, कचरा, सुरक्षा सगळं सोसायटी बघते. तिघांनाही नगरसेवक एकच, पण त्याची गरज सारखी नाही. ज्याला गरज जास्त, तो माणूस बघून मत देतो. ज्याला कमी, तो चिन्ह आणि नेता बघतो. मला तरी यात कोणाचं शहाणपण कमी-जास्त दिसत नाही.

ठाण्याने तिन्ही एक केले

पक्ष, नेता, स्थानिक प्रतिनिधी ही तिहेरी वाटणी पुस्तकात छान दिसते. ठाण्यात ती टिकत नाही, आणि त्याचं कारण शाखा.

शिवसेनेला पहिली सत्ता १९६७ मध्ये ठाणे नगरपालिकेतच मिळाली. पुढे शाखा नावाची गोष्ट गल्लोगल्ली उभी राहिली. एक छोटी खोली, समोर फळा, त्यावर खडूने लिहिलेल्या सूचना, आत टेबल आणि चार खुर्च्या. शाळेत प्रवेश हवा, नळाला पाणी येत नाही, रुग्णालयात खाट मिळत नाही, नवरा-बायकोचं भांडण आहे, तर 'शाखेत जा.' शाखाप्रमुख निवडून आलेला नसतो. त्याला सरकारी अधिकार काही नसतो. पण काम तो करतो, आणि ते पक्षाच्या नावाने, साहेबांच्या नावाने करतो. त्यामुळे काम झालेल्या माणसाच्या मनात पक्ष, नेता आणि आपल्या गल्लीतला माणूस ही तीन नावं एकमेकांत मिसळून जातात.

याचं टोकाचं रूप म्हणजे आनंद दिघे. टेंभी नाक्यावरच्या आनंद आश्रमात त्यांच्याकडे रात्री उशिरापर्यंत लोक तक्रारी घेऊन यायचे. ठाणे जिल्ह्यात शिवसेनेचं तिकीट कोणाला मिळणार आणि कोण निवडून येणार यावर त्यांचा शब्द चालायचा. आणि या माणसाने स्वतः कधीही निवडणूक लढवली नाही. २६ ऑगस्ट २००१ ला ते गेले. म्हणजे ज्याच्याकडे बघून हजारो ठाणेकरांनी वर्षानुवर्षं मत दिलं, त्याचं नाव कोणत्याच मतपत्रिकेवर कधी नव्हतं. ठाणेकर तेव्हा काय निवडत होता, पक्ष की नेता की प्रतिनिधी? तो एक व्यवस्था निवडत होता, जिच्या दारात उभं राहिलं की कोणीतरी ऐकून घ्यायचं.

म्हणूनच २०२२ चा जून ठाण्याला इतका जिव्हारी लागला. कोपरी-पाचपाखाडीचे आमदार एकनाथ शिंदे शिवसेनेच्या चाळीसेक आमदारांना घेऊन वेगळे झाले आणि ३० जूनला मुख्यमंत्री झाले. त्यानंतर आठवड्याभरात ठाण्यातल्या सेनेच्या ६७ माजी नगरसेवकांपैकी ६६ त्यांच्यामागे गेले. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण शिंदेंना दिलं. जो मतदार म्हणत होता 'मी पक्षाला मत दिलं,' त्याचा पक्षच दोन झाला. पक्षांतरबंदी कायद्याने मतदाराला एक हमी दिली होती: माणूस बदलला तरी चिन्ह तुमच्याशी प्रामाणिक राहील. ती हमी त्या उन्हाळ्यात मोडली. कोणाची बाजू खरी, हा वेगळा विषय आहे. मी मतदाराच्या बाजूने बोलतो आहे, आणि त्याला कोणीही विचारलं नव्हतं.

मे २०२४ मध्ये त्याला विचारलं गेलं. ठाण्यातून एकीकडे विद्यमान खासदार राजन विचारे, दोनदा धनुष्यबाणावर जिंकलेले, आता उद्धव ठाकरेंच्या पक्षाची मशाल घेऊन. दुसरीकडे नरेश म्हस्के, धनुष्यबाण घेऊन. दोघेही ठाण्याचे माजी महापौर, दोघेही दिघेंच्या तालमीत वाढलेले. म्हस्के २ लाख १७ हजारांनी जिंकले.

इथे एक आकडा मोहात पाडतो. २०१९ मध्ये विचारेंना धनुष्यबाणावर मिळाली होती ७ लाख ४० हजार मतं. २०२४ मध्ये म्हस्केंना धनुष्यबाणावर मिळाली ७ लाख ३४ हजार. चिन्ह तेच, मतं जवळपास तेवढीच. लगेच म्हणावंसं वाटतं की ठाणेकर धनुष्यबाणालाच मत देतो, तो कोणाच्याही हातात असो. थांबा. बेरीज सारखी आली म्हणून माणसं तीच असतात असं नाही. विचारेंना मशालीवरही ५ लाख १७ हजार मतं पडली, आणि २०१९ मध्ये त्यांच्याविरुद्धच्या राष्ट्रवादीच्या उमेदवाराला सव्वातीन लाखांच्या आसपास पडली होती. म्हणजे जुन्या शिवसैनिकांपैकी बरेचजण मशालीकडे गेले असणार, काँग्रेस-राष्ट्रवादीची मतं त्यांना मिळाली असणार, धनुष्यबाणाकडे भाजपचा आणि नवा मतदार वाढला असणार. कोण कुठून कुठे गेलं, हे एकूण बेरजेतून कधीच कळत नाही. टीव्हीवर निकालाच्या दिवशी जे ठाम निष्कर्ष काढले जातात, त्यातल्या अर्ध्याअधिकांत हीच गफलत असते. आणि मतदान निम्म्याहून जरासंच जास्त झालं होतं. जे घरी बसले, ते प्रत्येक निवडणुकीत वेगळे असतात. लोकसभेला येणारा आणि महापालिकेला येणारा ठाणेकर हा एकच माणूस आहे असं धरून चालणं धोक्याचं.

नगरसेवकाचा चेहरा पुसट होतो आहे

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते तिच्याकडे येतो. तिन्हींपैकी स्थानिक प्रतिनिधीचा प्रश्न दिवसेंदिवस दाबला जातो आहे, आणि तो मतदार दाबत नाही.

नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. निवडणूक झाली थेट १५ जानेवारी २०२६ ला. मधली सगळी वर्षं प्रशासक. त्या काळात घोडबंदर रोडवर खड्डा पडला की फोन कोणाला करायचा? रस्ता कोणाचा यावरूनच सुरुवात: महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम खात्याचा, की मेट्रोचं काम चालू असल्याने एमएमआरडीए म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा. नगरसेवक असतो तेव्हा निदान तो एक माणूस असतो, ज्याला हे तुमच्या वतीने शोधावं लागतं. संध्याकाळी त्याच्या कार्यालयात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर रांग लागते, कोणाला रहिवासाचं पत्र हवं असतं, कोणाच्या चाळीचं ड्रेनेज तुंबलेलं असतं, आणि समोर बसलेल्या माणसाला माहीत असतं की पुढच्या वेळी याच लोकांकडे मत मागायचं आहे. प्रशासकाला ते नसतं. तो चांगला असेल, कार्यक्षम असेल, पण त्याला पाडता येत नाही. पाटीवर 'माजी' लिहूनही कार्यालय उघडं ठेवणारे नगरसेवक या काळात मी पाहिले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्या हातात सही नव्हती.

निवडणूक झाली ती पॅनेल पद्धतीने. २०१५ पर्यंत नवी मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक होता. २०११ च्या जनगणनेतली अकरा लाख वीस हजार लोकसंख्या १११ ने भागली तर दहा हजार लोकांमागे एक. आता २८ प्रभाग, त्यातल्या २७ मध्ये चार-चार नगरसेवक आणि एकात तीन. म्हणजे प्रभाग चाळीस हजारांचा, आणि मतदाराने अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची. चार जागांचे मिळून पंधरा-वीस उमेदवार. इतक्या लोकांना ओळखणं सामान्य माणसाला शक्य नाही. मग तो चार वेळा एकच चिन्ह दाबतो. त्याने हे आळसाने केलं असं मी म्हणणार नाही, रचनेनेच त्याच्यापुढे दुसरा सोपा मार्ग ठेवला नाही. अपक्ष उभा राहिला, वस्तीत चांगलं काम असलं, तरी चाळीस हजार लोकांपर्यंत एकट्याने पोहोचायला पक्षाची यंत्रणा लागते. नवी मुंबईत राज्यातले सत्ताधारी मित्रपक्षच एकमेकांविरुद्ध लढले. प्रचार चालला तो दोन मोठ्या नेत्यांच्या नावाने, आणि भाजपला एकट्याला बहुमत मिळालं. २०१५ मध्ये सहा जागा मिळालेल्या पक्षाला. मधल्या काळात गणेश नाईक आणि त्यांचं जाळं कमळाकडे आलं होतं.

प्रभागात किती नगरसेवक असावेत, हे आपल्याकडे सत्तेनुसार बदलत आलं आहे. २०१२ ला दोन, २०१५ ला नवी मुंबईत एक, २०१७ ला चार, मग कायद्यात पुन्हा एक, मग तीन, आणि परत चार. मुंबई महापालिकेत मात्र २२७ प्रभाग आणि प्रत्येकाला एकच नगरसेवक. पॅनेलची बाजू घेणारे म्हणतात, शहरं वाढली, लोकसंख्या वाढली, एकट्याला झेपत नाही. तर हिशोब करू. २०११ ची लोकसंख्या धरली तर मुंबईचा एक प्रभाग सुमारे ५५ हजारांचा. ठाण्यात १८ लाख ४१ हजार लोकांमागे १३१ नगरसेवक, म्हणजे चारजणांचा एक प्रभाग साधारण ५६ हजारांचा. दोन्हीकडे प्रभागाचा आकार जवळजवळ सारखाच. फरक एवढाच की आनंदनगर नाक्यापलीकडे मुलुंडमध्ये नाला तुंबला तर नाव घ्यायला एक माणूस आहे, आणि अलीकडे कोपरीत चार आहेत. चौघांपैकी कोणाच्या दारात जायचं ते आधी ठरवावं लागतं, आणि पाच वर्षांनी काम झालं नाही म्हणून कोणाला पाडायचं, तेही.